विहीणबाईंचं पहिलं प्यादं

१५ सप्टेंबर १९६१
झालं! इथल्या, जयपूरच्या मराठी मंडळाच्या गणपतीत बायकांचे बुद्धिबळाचे सामने, आणि शेवटच्या डावाला माझ्यासमोर कोण — अनुसयाबाई! आमच्या प्रतिमाची सासू. अजमेरहून इथं भावाकडे आल्यात, नाव घातलं, जिंकत जिंकत माझ्यापर्यंत पोचल्या.
प्रतिमाचा आठवा सरत आलाय. मी आजी होणार — नुसतं लिहिलं तरी हसू येतं! पण तिला बाळंतपणाला इकडे धाडायचं की नाही ते विहीणबाईंच्या हातात. मागच्या खेपेला धाडली नाही. घरीच सुईण बोलावली. बाळ गेलं. या खेपेला जयपूरचं मोठं हॉस्पिटलच हवं. विचारलं तर म्हणाल्या, डाव होऊ दे, मग बघू.

१६ सप्टेंबर
हे म्हणतात, मुलीकडचे आपण, हरून ये. खरंच की. विहिणीला शह द्यायचा म्हणजे! धास्तीनं शिऱ्यात दोनदा साखर घातली.

१७ सप्टेंबर
हरायचंच ठरवून बसले. मी नेहमी वजिरापुढचं प्यादं काढते, सगळ्या मंडळाला ठाऊक. आज हत्तीपुढचं काढलं, अगदी कडेचं, नवशिके काढतात तसं. मग घोडा फुकट द्यायचा बेत.
विहीणबाईंनी ते प्यादं उचलून परत जागेवर ठेवलं. हळूच म्हणाल्या, "मला वेडी समजता? नीट खेळा, नाहीतर मी उठते."
उठल्या तर प्रतिमा काही येत नाही! नीट खेळले. आणि मात झाली — त्यांच्यावर! बायका टाळ्या वाजवतायत, मला रडू येतंय. त्या चपला घालून गेल्या.

२१ सप्टेंबर
विहीणबाई अजमेरला परतल्या, पण पत्र नाही. पोस्टमनची वाट बघत दारातच बसते.

२६ सप्टेंबर
प्रतिमा आली! टांग्यातून आधी ट्रंक, मग ती, मग — विहीणबाई! काखेत बुद्धिबळाचा पट. "खरं खेळलात म्हणून आणली," म्हणाल्या. "आणि बाळ होईस्तोवर मीही राहणार." आता रोज त्यांच्यासमोर चहा प्यायचा! देवा!

२१ ऑक्टोबर
हॉस्पिटलच्या बाकावर सकाळपासून दोघी. प्रतिमा आत. विहीणबाईंनी मधे पट मांडला आणि पहिलंच प्यादं काढलं — हत्तीपुढचं. मुद्दाम नव्हे. नजर दाराकडे होती. मागच्या खेपेचं आठवलं असणार. मी ते प्यादं परत ठेवलं आणि त्यांचा हात धरला. नर्स "माताजी, लडकी हुई, दोनों ठीक हैं" म्हणेपर्यंत धरूनच होते.