सगळ्यांचा दुसरा

पार्सिपनी, न्यू जर्सी
१६ नोव्हेंबर २००२

प्रिय सुचित्राताई,

तुला आणि अनिलभाऊजींना नमस्कार. आम्ही मजेत. आन्याची शाळा छान चाललीय, श्रीरंगचं ऑफिस नेहमीसारखं. फोन करायचा तर तो शेजारीच बसलेला असतो, म्हणून हे पत्र.

उद्या आमच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीची मोजणी. गेल्या वर्षी नाटकवाल्यांनी पाचही जागा पटकावल्या आणि मराठी शाळावाले रुसून बसले. म्हणून यंदा आपल्याकडे विधान परिषदेला असते तशी पसंतीक्रमाची पद्धत. पाच जागा, नऊ उमेदवार, एकशेवीस मतपत्रिका. नावांपुढे एक, दोन, तीन लिहायचं. एकवीस मतं मिळाली की निवडून, वरची जादा मतं पुढच्या पसंतीला. ज्याला सगळ्यात कमी तो बाद, आणि त्याचीही मतं पुढे सरकतात. म्हणजे दोन्ही गटांना आपापल्या बळाइतक्या जागा.

श्रीरंग उभा आहे. खुर्च्या लावायला, माइक जोडायला वर्षानुवर्षं तोच. ना या गटाचा, ना त्या. जो तो फोनवर सांगतो, "श्रीरंग यार, दुसरं मत तुलाच!" हा खूश. आन्याने जेवताना विचारलं, "बाबा, बट हूज फर्स्ट आर यू?" तो हसला. दुसरी मतं मोजायची पाळी येईपर्यंत टिकायला पहिली मतं लागतात गं!

आणि या शहाण्याने स्वतःलाही पहिलं दिलं नाही. "आपणच आपलं नाव वर लिहायचं? बरं दिसत नाही. मी शाळावाल्यांच्या विनीताला दिलं, तूही तिलाच दे." मी बरं म्हटलं.

ताई, वर ऑफिसचं लिहिलं ते खोटं आहे. ऑगस्टमध्ये त्याला ले-ऑफ केलं. तेव्हापासून घरीच असतो. दाढीसुद्धा या निवडणुकीपुरती करतो. आईला सांगू नकोस. "कंपनीला नको झालो, निदान मंडळाला तरी हवा आहे," असं परवा म्हणाला आणि मला रडू आलं.

मी त्यालाच पहिलं मत दिलं. उद्या हॉलमध्ये आकडे मोठ्याने वाचतील. श्रीरंगला एक, असं आलं तर ते त्याचं स्वतःचंच असं सगळे समजतील. हसू देत. पण ते माझं हे ओळखून तो वळून माझ्याकडे बघेल, तेव्हा त्याला ती कीव वाटली तर?

कीव नव्हती गं. बाकीच्या आठ नावांपुढे मी काही लिहिलंच नाही.

घाबरलेली, तुझीच
हिमानी