गाडीचे नऊ डाग

६ ऑक्टोबर, सोमवार

नऊ डाग! विश्वेशने बोट लावून लावून मोजले. बॉनेटच्या कडेला पाच, दोन्ही आरशांखाली एकेक, मागे डिकीवर दोन. मी आपला शेजारी उभा, चोरी पकडल्यासारखा. "काका, गाडी मीच घेतो, पण एवढा गंज काढून द्या." बालाजी घाटावरच्या पाठशाळेत शिकवतो हा. अजून धड रिव्हर्स घेता येत नाही – गंज मात्र बरोबर दिसतो!

संध्याकाळी पुण्याहून अंतराचा फोन. "बाबा, तीस तारखेचं तिकीट काढलंय. तोवर गाडीचं उरका. आता एकटं राहायचं नाही म्हणजे नाही." तिची आई, गीता, गेल्यापासून सहा महिने लेक हेच म्हणतेय. 'बघू, बघू' म्हणून मीच थकलो. हो म्हटलं.

त्यात सकाळी वाचायच्या चष्म्यावर बसलो. दोन्ही काचा गेल्या. हे सगळं अंदाजाने लिहितोय.

७ ऑक्टोबर

रामनगरला गेलो. गाडी तिथे लल्लनच्या अहात्यात, म्हणजे आवारात, उभी असते. आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत गाय समोरून आली तर स्कूटरला मागे यावं लागतं, तिथे गाडीचं नाव कशाला! लल्लनचं डेंटिंग-पेंटिंगचं काम. माणूस साठीचा, हात सोन्याचा, पण बोलणं एकेक शब्द मोजून. तीन वर्षं गाडी त्याच्याकडे आहे, आमचं बोलणं 'राम राम'च्या पुढे गेलेलं नाही.

डाग बघून म्हणाला, "इतना तो आप खुद कर लेंगे, गार्ड साहब. रेगमाल पकड़िए, मैं बताता हूँ."

म्हटलं, नऊच्या नऊ आजच घासून टाकू. तर नाही! "एक-एक करके. जल्दी का काम शैतान का."

रेगमाल म्हणजे पॉलिश पेपर. त्याने पहिला डाग घासला. वरून मोहरीएवढा होता, आत बघतो तर रुपयाएवढा. चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासलं, मग त्याने डब्यातला प्रायमर ब्रशने लावून दिला. मी बोट पुढे केलं तर ओरडलाच – "हाथ मत लगाइए! अँगूठा छप जाएगा. अभी कच्चा हौ. कल आइए."

८ ऑक्टोबर

गेलो. अजून कच्चा, म्हणजे वाळलेला नाही. नुसता चहा पिऊन परत! दोन नद्या ओलांडल्यासारखा त्रास – एकच आहे, पण ऑटोवाल्यांनी जीव नको केला.

१० ऑक्टोबर

पहिल्या डागावर रंग चढला. दुसरा घासायला घेतला.

लल्लनने विचारलं, "हार लोहे के तार से बाँधते थे का?"

बांधत होतो ना! दर दसऱ्याला गीता झेंडूचा आणि आंब्याच्या पानांचा हार करायची. बॉनेटवर एक, आरशांवर एकेक, आणि डिकीवरही – "मागून येणाऱ्यालाही दिसू दे की!" वर गंगाजल, ओली हळद. तार मी पिळायचो. मग तो हार कुजून काळा पडला तरी काढायचा नाही. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, गंगेतच सोडायचं, आणि गंगा रोज दिसत असूनही ते न्यायला मला महिना महिना सवड व्हायची नाही! ओला लगदा पत्र्याला चिकटून बसायचा. "आज नेताय का?" म्हणून ती विचारायची. मी म्हणायचो, उद्या.

म्हणजे डाग गाडीला पडले ते माझ्या 'उद्या'चे.

११ ऑक्टोबर

आज दिवसभर कुणाशी बोललो नाही. दूधवाल्याला 'आधा लीटर' म्हटलं, ते धरलं तर दोन शब्द.

१३ ऑक्टोबर

लल्लन नुसता चेंगट आहे! तीन डाग झाले, चौथा 'कच्चा'. मुगलसरायला अठ्ठावीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो. एवढ्या उशिरात एखादी मालगाडी हावड्याला जाऊन परत आली असती. हे त्याला ऐकवलं. हसला. पहिल्यांदाच दात दिसले – वरचे दोन नाहीत.

त्याची बायको सुरतेला मुलांकडे, नातवंडं सांभाळायला. चार वर्षं झाली. "आप काहे नहीं गए?" विचारलं, तर म्हणाला, "वहाँ हमारा का काम?" आणि पुट्टी मळायला लागला.

१५ ऑक्टोबर

डबा नेला – बटाट्याची भाजी, पोळ्या. पोळ्या जाड झाल्या होत्या. त्याने सातू भरलेल्या कणकेच्या लिट्ट्या भाजल्या होत्या, दोन माणसांपुरत्या. मी येणार हे त्याला कसं कळलं? तर म्हणे, "रंग देखने तो अइबे करेंगे."

जेवताना सांगून टाकलं, तीस तारखेला पुण्याला चाललो, कायमचा. गाडी विश्वेश नेईल. तो उठून बॉनेटपाशी गेला, पाचव्या डागावर वाकला. मग म्हणाला, "पाँचवाँ वाला दोबारा घिसना पड़ेगा. अंदर गंज रह गया है." मला तर तिथे काहीच दिसलं नाही. पण चष्म्याशिवाय मला काय दिसणार!

१७ ऑक्टोबर

डाव्या आरशाखालचा डाग. खाचेत तारेचा तुकडा सापडला, करंगळीच्या नखाएवढा. त्याला झेंडूच्या देठाचा धागा अजून चिकटलेला. लल्लन म्हणाला, "फेंकिए." मला फेकवेना. निर्माल्यच की ते. खिशात ठेवलाय.

घरी येऊन रडलो. लिहायला लाज कशाची, वाचणार कोण?

अठ्ठावीस वर्षं शेवटच्या डब्यात एकटाच बसत होतो. कधी कधी सोळा सोळा तास. पण तेव्हा एकटं वाटलं नाही, घरी कुणीतरी जागं असायचं. आता घरीच शेवटचा डबा आहे, आणि पुढे इंजिन आहे की नाही तेही कळत नाही.

१८ ऑक्टोबर

चौकातला चष्मेवाला म्हणतो, नवा चष्मा दिवाळीनंतर.

२० ऑक्टोबर, दिवाळी

यंदा आमच्याकडे सण नाही, वर्ष सरलेलं नाही. आकाशकंदील नाही, फराळ नाही. सकाळी अंतराचा व्हिडिओ कॉल. तिने सगळं घर फिरवून दाखवलं. माझी खोलीही – नवी चादर, खिडकीत तुळस. छान आहे. खोटं कशाला बोलू, छान आहे. पण त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकीच दिसते.

दहाला लल्लनचा फोन. "पटाखे की राख उड़ रही है, रंग पर बैठ जाएगी. चादर तानना है, अकेले नहीं तनती. आइए तनिक." गेलो. चादर चार हातांनी ताणली, पाच मिनिटांचं काम. मग संध्याकाळपर्यंत गाडीशेजारी खाटेवर बसून होतो दोघं.

२२ ऑक्टोबर

आठ झाले! आता डिकीवरचा शेवटचा. विश्वेशचा फोन – "काका, झालं का? रविवारी न्यायला येऊ?" म्हटलं, ये. फोन ठेवला आणि उगाचच त्याचा राग आला. त्या बिचाऱ्याने काय केलं!

२३ ऑक्टोबर

शेवटचा डाग घासला, प्रायमर लावला. कच्चा. अंतराने विचारलं, "सामान बांधायला घेतलंत ना?" बॅग काढून पलंगावर ठेवलीय. रिकामीच.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

चष्मा मिळाला. तोच घालून रामनगरला गेलो. लल्लन आत चहा करत होता. प्रायमरचा डबा समोर पडला होता – पहिल्या दिवसापासूनचा तोच. सहज उचलून वाचला. सूखने का समय : ३० मिनट.

पुन्हा वाचलं. रंगाचा डबा उचलला. त्यावरही तेच.

डबे होते तसे ठेवले. लल्लन दोन कप घेऊन बाहेर आला. मी विचारलं, "सूख गया का?" त्याने माझ्याकडे नाही, चष्म्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "अभी... कच्चा हौ, साहब."

"कल आता हूँ," म्हटलं.

घरी येऊन आधी विश्वेशला फोन केला, रविवारी येऊ नकोस म्हणून, मग अंतराला. म्हटलं, तिकीट रद्द कर बाळा, गाडीचा रंग अजून ओला आहे.