गाडी पुलावरून गेली तर

२ मार्च, सोमवार
हिने आज शेवटचं सांगितलं. गुडघ्याचं ऑपरेशन करून तिची आई चौदा तारखेला आमच्याकडे येणार, म्हणजे माझ्या मॉडेल रेल्वेची खोली रिकामी हवी. त्याआधी गाडी डोंगरातल्या पुलावरून एकदा जरी गेली, तर रेल्वेचं टेबल हॉलमध्ये राहील. नाहीतर माळ्यावर. मी हसून मान्य केलं. पूल म्हणजे काय, काड्या आणि गोंद. चार दिवसांचं काम. उद्या पहाटेपासून.

३ मार्च, मंगळवार
पहाट हुकली. संध्याकाळी बसलो, पण तो बोडका डोंगर बघवेना. आधी झाडं हवीत. वातावरण असलं की हात आपोआप चालतो. स्वयंपाकघरातला हिरवा स्पंज कुस्करून झाडी उभी केली. ही विचारते, भांडी आता कशाने घासू, झाडाने? कलेला पहिला विरोध घरातूनच होतो.

५ मार्च, गुरुवार
पुलाला हात घातला. आइस्क्रीमच्या काड्यांचे उभे पाय. एकदाच माप घेतलं, साचा केला, त्यातून सगळे पाय एकसारखे काढले. इंडस्ट्रियल पद्धत. कन्या कॉलेजात जाते, त्यामुळे तिला सगळं कळतं. म्हणाली, बाबा, रूळ चढाचा आहे ना, मग पाय लहानमोठे नकोत? मी तिला तिची असाइनमेंट कुठवर आली ते विचारलं.
मधेच उठून स्टेशनच्या बाकाला रंग दिला.

८ मार्च, रविवार
पूल तयार. जागेवर ठेवून पाहिला. खालच्या टोकाला रूळ पुलाच्या गुडघ्याशी येतो, वरच्या टोकाला डोक्यावरून जातो. पूल चुकलेला नाही. डोंगर चुकलाय.
मी चहाला गेलो तेवढ्यात हिने स्टँड समजून पुलावर इस्त्री ठेवली. भांडण झालं. पूल हलला नाही, हे नमूद करतो.

१० मार्च, मंगळवार
डोंगर पाडायला घेतला. प्लास्टर, जाळी, पेपरचा लगदा, सगळं खोलीभर. पाडता पाडता लक्षात आलं, इथे तळं छान दिसेल. तळं केलं. तळ्यात बदकं हवीत. बदकं केली. ही म्हणाली, बदकं झाली, गाडीचं काय? घाई केली की काम बिघडतं, हे हिला कधी समजणार.

१२ मार्च, गुरुवार
तळं वॉर्निशचं. वाळत नाही. त्यात दोन बदकं, एक झाड आणि माझी बाही. एका जागी बसवत नाही. खोलीत येरझाऱ्या घातल्या, चपलेला प्लास्टर, प्लास्टर हॉलभर. डोंगर खाली गेला, पण आता पुलावर चढायला रुळाला जिना चढावा लागतो. इंजिनात दम असला तर चढेल. नसला तर इंजिन बदलू.

१४ मार्च, शनिवार, सकाळ
सासूबाई यायच्या आत चाचणी. ही आणि कन्या हजर. रूळ सेलोटेपवर. इंजिन चढ चढलं, पुलाच्या तोंडाशी थबकलं, जरा विचार केला आणि उलटं घरंगळत तळ्यात गेलं. बदकांशेजारी चिकटलं.
तसं पाहिलं तर पूल नापास झालेला नाही. गाडी पुलापर्यंत पोचलीच नाही. हा मुद्दा मी मांडला. हिने शिडी आणली.

१५ मार्च, रविवार
टेबल माळ्यावर. पूल खालीच आहे. सासूबाईंचा पाय उंचावर ठेवायला सांगितलाय, उशा सारख्या घसरतात. भिंतीशी टेकवलेला पूल त्यांनीच मागून घेतला. वर उशी, उशीवर पाय. म्हणाल्या, जावईबापू, अगदी बेताच्या उंचीचा, तसूभर हलत नाही, कुठून आणलात? कन्या म्हणाली, बाबांनीच केलाय, सगळे पाय मुद्दाम एकसारखे. मी उशी जरा सरळ केली.
दुसरा गुडघा जूनमध्ये. तेव्हा पाठीमागे टेकायला आणखी एक लागेल म्हणे. चार दिवसांचं काम. पण नुसता पूल बोडका दिसतो, बाजूला झाडं हवीत.
हे मोठ्याने बोललो असणार. ही उठली आणि नवा स्पंज कपाटात कुलपात ठेवून आली.