चूक क्रमांक एकेचाळीस

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७ वाजून ४० मिनिटे.

शर्टाचे तिसरे बटण शिवून झाले, दोरा दाताने तोडला आणि ही वही उघडली. खोली छान आहे. एक खिडकी, एक खाट, भिंतीत तीन खुंट्या. तिन्ही घट्ट आहेत, मी ओढून पाहिल्या. घरमालकीण मावशी खाली राहतात. इतका नीटनेटका भाडेकरू आधी मिळाला असता तर जावईच करून घेतला असता, पण मला मेलीला मुलगीच नाही, असे म्हणाल्या. मी हसलो. मग हसायला नको होते असे वाटत राहिले.

खिडकीतून डावीकडे बसस्थानकाची गल्ली दिसते. काल तिथेच उतरलो. उजवीकडे सरळ रस्ता : केशकर्तनालय, सायकल दुरुस्तीचे दुकान, बेकरी आणि शेवटी कचेरी. कुठेही वळायचे नाही. काल जाऊन मोजून आलो, ४१२ पावले.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६ वाजून १५ मिनिटे.

काम खेळ तपासण्याचे आहे. ‘वाटाड्या’ या जुन्या चित्रकथेवरून कंपनी संगणकावरचा खेळ बनवते आहे. पिवळा कोट घातलेला वाटाड्या डावीकडून उजवीकडे चालतो, दऱ्या ओलांडतो, नाणी गोळा करतो. मी तो दिवसभर खेळायचा आणि काय चुकते ते रजिस्टरात लिहायचे. मी नववीत शाळा सोडली, तरी मला घेतले, कारण अकराच्या अकरा अंक मला चौकटीनिशी पाठ आहेत. बारावा अंक कधी निघालाच नाही.

ते श्रेय ताईचे. आईवडिलांमागे तिनेच मला वाढवले. शाळा सुटल्यावर शिवणयंत्र चालवता चालवता तिने मला हे अंक उतरवून काढायला लावले. एक काना चुकला की पान पुन्हा. प्रत्येक अंकाच्या पहिल्या चौकटीत हिरव्या दारात वाटाड्याची बहीण उभी असते आणि तो सांगतो, येतो परत. माझ्या हट्टापायी ताईने आमचेही दार हिरवे रंगवले होते. मी डबा लवंडला, त्याचा ओघळ अजून खालच्या फळीवर आहे.

तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन ३१ तारखेला आहे. सही करायला घरचे माणूस लागते. घरचे माणूस म्हणजे मी. ३० तारखेला, रविवारी, मी जाणार.

खेळाची चित्रे काढणाऱ्या बाईंनी मला पांढऱ्या पडद्यासमोरून चालायला लावले आणि चित्रण केले. वाटाड्याची चाल आता माझ्या चालीवरून घेणार. आधीची चाल डाव्या पायात किंचित लंगडी होती, ती त्यांना नको होती. मी पडद्याच्या टोकाला जाऊन परत चालत यायला लागलो तर म्हणाल्या, नको, उलटं चालायची गरज नाही, तो मागे जातच नाही.

मंगळवार, ४ मार्च. संध्याकाळी.

खेळाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सगळे दादा म्हणतात, मीही म्हणतो. माझे रजिस्टर बघून म्हणाला, तुझं अक्षर बघून मी आपोआप बाकावर उभा राहिलो. चांगला माणूस आहे. त्याने समजावले की पडद्याच्या डाव्या कडेबाहेर जे जाते ते खेळ पुसून टाकतो. झाड, पूल, घर, काहीही असो. मागचं सगळं धरून बसलं तर मशीनला धाप लागते, म्हणाला. वाटाड्याला मागे वळवून चालवले तर तो डाव्या कडेला टेकतो. पाय हलत राहतात आणि जागा हलत नाही. हे बरोबर आहे, ही चूक म्हणून लिहू नकोस, असेही सांगितले.

माझ्या टेबलाखाली कुणाचे तरी जोडे आहेत. डाव्या जोड्याची टाच दुसरीपेक्षा जाड. आधी इथे कोण बसायचे असे विचारले. दादाला आठवेना. बाई म्हणाल्या, होता एक, तो पुढे गेला.

बुधवार, ५ मार्च.

केस कापले. चाळीस रुपये. न्हावी म्हणाला, डोक्याला दोन भोवरे आहेत, दोन लग्नं होतील. आधी एक तर होऊ दे, असे उत्तर मला रस्त्यात सुचले.

आजपर्यंतच्या चुका : सव्वीस.

शुक्रवार, ७ मार्च. संध्याकाळी ५ वाजून ५० मिनिटे.

आज मोठी चूक सापडली. क्रमांक ४१.

माझी पद्धत अशी आहे की प्रत्येक भिंतीला चिकटून, वीतवीत पुढे सरकत, गुडघे टेकून उडी मारून पाहायची. दुपारी तीनच्या सुमारास तिसऱ्या टप्प्यावर पुलानंतरच्या कातळाशी तसे केले, आणि वाटाड्या डाव्या कडेतून आरपार गेला. मागे. पुसलेले सगळे तिथे होते. पूल, झाडे, न उचललेली नाणीसुद्धा. मी चालत राहिलो. शेवटी हिरवे दार आले आणि दारात बहीण.

ती कपाळावर आडवा हात धरून बघत होती. चित्रकथेत ती तशी उभी नसते. तशी ताई बघते, नजर मंदावल्यापासून. मी थांबल्यावर तिने दुसरा हात वर केला. दाराच्या खालच्या फळीवर रंगाचा ओघळ होता.

अकरा मिनिटे नुसता बसलो. घर आठवले. मग ठरवले, कामाच्या वेळी घर आठवायचे नाही. नवीन माणूस आहे, पगार हातात पडायचा आहे. मी लिहिले :

४१. टप्पा तीन, कातळ. मागे जाता येते. येऊ नये.
४२. हिरव्या दारावर रंगाचा ओघळ आहे. मूळ अंकात नाही. काढावा.

दादाने पाठ थोपटली. आधीच्याला वर्षभरात हे सापडलं नाही, म्हणाला. कोण आधीचा, असे विचारले तर डोके खाजवत राहिला. साडेपाचपर्यंत त्याने भिंतीतली फट बुजवली. मी पुन्हा तपासले, चाळीस उड्या मारून. पक्की आहे. खाली सही केली.

रविवार, ९ मार्च. सकाळी.

बेकरीतून ताईला फोन केला. पोटात काही घालतोस का नुसता खेळतोस, हा पहिला प्रश्न. मग म्हणाली, दप्तरात चित्रकथा लपवायचास म्हणून मी तुझे कान पिरगाळले, आता त्याचाच पगार येणार म्हटल्यावर ये इकडे, सरळ करून देते. खूप हसलो. आवाज लांबून येत होता.

शेवटी म्हणाली की मोतीबिंदू वाढलेला दिसतो. दारात उभं राहिलं की पलीकडे काहीच दिसत नाही. रस्ता नाही, समोरचं घर नाही, सगळं पांढरं. शुक्रवार संध्याकाळपासून. त्या दिवशी दुपारी मात्र डोळे इतके लख्ख होते की तू आल्यासारखा वाटलास, मी हातसुद्धा केला, म्हणाली.

डोळ्यांना ताण देऊ नको, एवढेच सांगितले.

मंगळवार, ११ मार्च. सकाळी ७ वाजता.

कालपासून बसचे भोंगे ऐकू येत नाहीत. आज खिडकीतून वाकून पाहिले. डावीकडे गल्ली नाही. भिंत आहे. पांढरी, कोरडी, जुनी.

मावशींना विचारले. कुठलं स्थानक, तू तर चालत आलास, पाय नव्हते का धुतले तू या पायरीवर, असे म्हणाल्या आणि भांडी घासत राहिल्या. थट्टा करत असतील. तिकीट माझ्या खिशात होते. १८० रुपये, ताईने शिवणाच्या पैशातून दिले होते. आता ते डिंकाने या वहीत चिकटवले आहे.

बुधवार, १२ मार्च. संध्याकाळी ६ वाजून ३० मिनिटे. बेकरीच्या पायरीवर.

घर नाही.

केशकर्तनालय संपले की भिंत. दोनदा मोजले. कचेरीपासून २९० पावलांवर भिंत. न्हाव्याने सांगितले की पहिल्यापासून आहे, मी त्यावर टॉवेल वाळत घालतो, ऊन चांगलं लागतं. वर एक खोली होती, मावशी होत्या, असे सांगितले. त्याने पाणी दिले आणि डोक्याला गार तेल लावतो म्हणाला. माझ्या दोन भोवऱ्यांचे त्याला आठवत नव्हते. केस कुणी कापले हो, बरे कापले आहेत, असे त्यानेच मला विचारले.

पेटी, कपडे, घोंगडी सगळे खोलीत होते. माझ्याकडे वही, पेन आणि अंगावरचे.

कचेरीत झोपायची परवानगी मिळाली. भाडं वाचलं की, म्हणाला दादा.

गुरुवार, १३ मार्च. दुपारी १ वाजता.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेलो. स्वच्छ ऊन होते. न्हावी नाही. सायकलवाला नाही. भिंत बेकरीला लागून आहे.

भिंतीकडे चालत गेलो. नीट लिहितो. मी चाललो. पाय हलत होते, बुटांचा आवाज येत होता. बेकरीची खिडकी डाव्या खांद्याशी होती. शंभर पावले मोजली. खिडकी डाव्या खांद्याशीच होती.

आत पाव मोजणाऱ्या बाईने एकदा वर पाहिले आणि पुन्हा मोजायला लागली.

शुक्रवार, १४ मार्च.

दादाला सगळे सांगितले. हात जोडले. ४१ परत उघड, भिंत काढ, ताई त्या बाजूला आहे. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, अरे, उघडायला मागची प्रत लागते, आणि मागची प्रत आपण ठेवत नाही. रजिस्टर उघडून दाखवले. तूच लिहिलंस, तूच तपासलंस, खाली तुझीच सही आहे, सुंदर अक्षरात.

खरे आहे. येऊ नये. मीच लिहिले आहे.

दुपारभर तिसऱ्या टप्प्यावर बसलो. कातळाशी गुडघे टेकून उड्या मारल्या. सहाशे दहा. वाटाड्या माझ्यासारखा चालतो. डावे पाऊल जरा आत. भिंतीपाशी थांबलो की तो मान खाली घालतो. ही हालचाल बाईंनी माझ्याकडून करून घेतली नव्हती.

रविवार, १६ मार्च. सकाळी १० वाजता.

बेकरी नाही. कचेरीतून ताईला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही. आकडे चुकत नाहीत माझे. चौदा वेळा लावला.

ओघळ मीच पाडला होता, नऊ वर्षांचा असताना. ती रागावली नाही. म्हणाली होती, राहू दे, लांबून घर ओळखायला बरं. मी ४२ क्रमांकाला लिहिले, काढावा.

दारात तीच होती. मला कळले होते. तेव्हाच, त्या अकरा मिनिटांत कळले होते — आणि तरी मी —

सोमवार, १७ मार्च.

दादाचे टेबल नाही. जिथे होते तिथे भिंत. हात लावला. गार.

कचेरीत आता माझे टेबल, आणि उजवीकडे, पुढे, बाईंचे. आणखी कुणी नाही. बाई बाराव्या अंकाची चित्रे काढत आहेत. मूळ अंकच नाही तर कशावरून काढता, असे विचारले. म्हणाल्या, तू येशील तसं काढते.

वाटाड्या घरी पोचतो का, असे विचारले. त्यांनी खोडरबर झटकले. तसं कुठं लिहिलेलं नाही, म्हणाल्या.

मंगळवार —

टेबल भिंतीला टेकले. सरकवले. पुन्हा टेकले.

बाई म्हणाल्या, जोडे काढून टेबलाखाली ठेव, पुढे लागत नाहीत. त्या जाड टाचेच्या जोड्यांशेजारी ठेवले. तो किती उड्या मारून पुढे गेला असेल? त्याचेही कुणी —

विचारले नाही.

तारीख माहीत नाही. दिवस आहे. उजेड सगळीकडून सारखा.

समोर कागद. नुसता पांढरा. बाई दिसत नाहीत, पेन्सिलीचा आवाज येतो. भिंत पाठीला लागली आहे. ढकलत नाही. मी थांबलो की थांबते, आणि मग जरा —

खुंट्या किती होत्या? तीन. मावशी, स्थानक, भोवरे. आठवते तोवर लिहितो. हिशेब लिहितो. पैसे गेले म्हणजे ती जागा होती.

खर्च.
खोलीचे भाडे, मावशींना : ९००. (म्हणजे मावशी होत्या.)
केस : ४०. (म्हणजे न्हावी होता.)
पाव, नऊ दिवसांचा : ६३.
ताईला फोन, एकदा : ६. (लागला होता. ती हसली होती.)
एकूण : १००९.

देणे.
ताईला, तिकिटाचे : १८०. तिकीट चिकटवलेले आहे. मागचे पान उलटून पाहिले —
मागचे पान नाही. वही इथूनच सुरू होते.
तरी १८०. मला पाठ आहे.
ताईला, ३१ तारखेची सही : एक.
ताईला, येतो परत म्हटले होते, ते. दार हिरवे आहे, खालच्या फळीवर —