सोमवारचा रस्ता

२१ ऑक्टोबर, सोमवार

आज परत गेले. कुणी पाहिलं नाही.

सायकल जयराजची. बारीक टायरची, मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या हँडलची. तो नोकरीला साताऱ्यात, मी इथे सांगलीत शाळेच्या ऑफिसात. दर रविवारी सकाळी तो यवतेश्वरचा घाट चढायचा. जानेवारीत त्या घाटातच छातीत कळ आली. सायकल कठड्याला टेकवली आणि खाली बसला म्हणे, तो उठलाच नाही. सायकलला ओरखडाही नाही! टेम्पोतून आली, तेव्हापासून जिन्याखाली होती.

ऑगस्टमध्ये हवा भरायला म्हणून ढकलत नेली. परत येताना बसून आले. तिथून सुरू झालं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

शंभर फुटी रोड माझ्यापुरता बंद. गटाराच्या जाळीत पुढचं चाक अडकता अडकता वाचले. मिरज रोडला जायचं धाडसच नाही — रिक्षावाला न बघता वळतो, उभ्या गाडीचं दार धाडकन उघडतं. आष्ट्याचा रस्ता चांगला आहे, पण आता उसाचे ट्रॅक्टर सुरू होतील. मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि गाणी इतकी मोठ्याने की हॉर्न दिलेला त्यांनाच ऐकू येत नसेल.

नदीच्या बाजूला कुत्री नाहीत, पण ओळखीचे लोक फिरायला येतात. मला कुत्री परवडली.

वर्ष झालेलं नाही अजून.

२८ ऑक्टोबर, सोमवार

रस्ता सापडला. कुपवाडची एमआयडीसी!

शाळेतल्या शिपाई शालूबाईंचे मालक तिथे एका वर्कशॉपमध्ये आहेत. सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, तिकडे गर्दी कधी नसते. "सोमवारी वो. सुट्टी असती. कुत्रं बी फिरकत न्हाई. का, मॅडम? शाळा सोडून कारखान्यात लागताय काय?"

रुंद रस्ता, दोन्हीकडे बंद गेट. साडेसहाला उजाडलं. एक वॉचमन दात घासत होता, तेवढाच. पहिल्यांदाच हँडल खालच्या वळणाला धरून वाकून चालवली.

घरी येऊन कुलूप काढताना लक्षात आलं — गेल्यापासून येईपर्यंत जयराज एकदाही आठवला नाही. एकदाही नाही.

फोटोसमोर उदबत्ती लावली. दोन लावल्या.

३ नोव्हेंबर, रविवार

कडेगावहून सासूबाईंचा फोन. दर रविवारी असतो. "काय करतीस गं?" बसलेय म्हटलं. "बसून ऱ्हाऊ नगंस. डोस्कं फिरतंय." आणि त्या रडल्या. मी टायर पुसत होते.

११ नोव्हेंबर, सोमवार

घोटाळा झाला.

दिवाळीला जास्त दिवस कारखाने बंद होते, त्याच्या बदल्यात आज चालू! मला काय माहीत. पहिल्या पाळीची सगळी माणसं मोटरसायकलवर, डबे लटकवलेले, आणि मध्ये मी. जयराजची ट्रॅकपँट, डोक्यावर त्याचं हेल्मेट. शेजारून हॉर्न वाजला — "काकी? आवं काकी, तुमीच का?"

ऋषिराज. मोठ्या दिरांचा मुलगा. इथेच वेल्डिंगला आहे, विसरलेच होते. म्हणाला, "लय भारी चालवताय की! आमच्या काकाला बी मागं टाकाल." तोंडभर हसत होता. म्हटलं, घरी सांगू नकोस. त्याने मान डोलावली, पण पोटात काही राहायचं नाही त्याच्या.

१७ नोव्हेंबर, रविवार

फोन नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

फोन नाही. मीही केला नाही. काय सांगू?

२६ डिसेंबर, गुरुवार

कडेगाव. तिथीने वर्षश्राद्ध झालं.

पंगतीत वाढताना मागून ऐकू येत होतं. "सायकल खेळती म्हणं." "बरं हाय बया, हलकं काळीज." मी भाताचं पातेलं घेऊन पुढे गेले. त्या खोटं काय बोलत होत्या?

जेवणं उरकल्यावर सासरे म्हणाले. मिलिटरीतून रिटायर झालेत, फार बोलत नाहीत. "सायकल ऋषिराजला देऊन टाक. रोज कामावर जातंय पोरगं. घरात कशाला ठेवायची?" मी लगेच हो म्हटलं. शिक्षा मिळाल्यासारखं बरं वाटलं.

मग भांडी घासताना सासूबाई जवळ येऊन बसल्या. राख त्यांच्या हातात तशीच. हळूच विचारलं, "खरं सांग. त्या सायकलीवर बसल्यावर त्यो असतोय व्हय गं तुज्यासंगं?"

त्यांच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणवलं नाही. असतो, म्हटलं.

त्या उठल्या. तशाच ओल्या हातांनी बाहेर सोप्यात गेल्या, सासऱ्यांसमोर. "सायकल कुटं जायाची न्हाई! त्यो हाय तिच्यात." ऋषिराज म्हणाला, "मला नगोच हुती, आज्जी. तिच्यावर डबा कुटं अडकवायचा?"

म्हणजे सायकल राहिली. अशी राहिली!

२९ डिसेंबर, रविवार

फोन आला. पहिलाच प्रश्न — "काय म्हणाला गं?"

थंडी आहे, स्वेटर घाल म्हणाला, असं मी सांगितलं. सासूबाई हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा.

मी हे काय करून बसले.

५ जानेवारी, रविवार

"काय म्हणाला?"

आईच्या गुडघ्याला तेल लावतात का, विचारत होता म्हटलं. पलीकडे त्या ओरडून सासऱ्यांना सांगत होत्या, "आवं, माज्या गुडघ्याचं इचारतोय त्यो!"

जेवण गेलं नाही.

६ जानेवारी, सोमवार

आज ठरवून आठवायला बसले सायकलवर. निदान खोटं तरी खरं करावं. त्याचा आवाज, दाढी करताना गाल फुगवायची सवय, एक-एक. पहिल्या गेटपर्यंत जमलं. मग वळणावर चाक खडीवर गेलं आणि आडवी झाले. अख्खा रस्ता रिकामा! सांगलीत यापेक्षा मोकळा रस्ता नाही, आणि इथे पडले.

वॉचमन धावत आला. "ताई, ध्यान कुटं हुतं?" कोपर सोललंय.

वाईट हे की उठून परत बसले, आणि चार पायडल मारल्यावर पुन्हा तेच. वारा, चेनचा आवाज, डोकं रिकामं. तो नाही. कोपरही दुखत नव्हतं.

१२ जानेवारी, रविवार

आजचा निरोप मागितला. सुचेना. या आठवड्यात गेले नाही म्हटलं. "मग उद्या जा की. त्याला वाट बघाय लावू नगंस." मुद्दाम फोन लवकर ठेवला. ऋषिराज सांगत होता — आज्जी आता शनिवारपासूनच रविवारची वाट बघते, आल्या-गेल्याला सांगते.

त्यांना सांगितलं तर त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल. नाही सांगितलं तर मी दर रविवारी त्याला बोलायला लावणार. माझ्या मनाने. सायकल राहावी म्हणून.

१९ जानेवारी, रविवार

फोन दोनदा वाजला. उचलला नाही.

२० जानेवारी, सोमवार

कुपवाडहून आल्या आल्या मीच फोन केला. सगळं सांगितलं. तो सायकलवर नसतो. कधीच नव्हता. तेवढा वेळ मी त्याला विसरते, म्हणून जाते.

पलीकडे म्हशीची साखळी वाजत होती. मग सासूबाई म्हणाल्या, "मला बी धार काढताना न्हाई आठवत गं त्यो. म्हणून तर ह्यांच्या मागं लागलीया — अजून एक म्हस घ्या म्हणून."