उलटी कड

बाई, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

निपाणीची शाळा, नववीचा वर्ग. बेळगावजवळ मच्छे गावच्या कारखान्यात कामाला असलेल्या आक्कानं मला बेळगावहून फिरवून रंग जुळवायचा त्रिकोणी क्यूब आणून दिलेला. चार बाजू, चार टोकं, सहा कडा. तो मी तुमच्यासमोर सोडवून दाखवला आणि तुमचा चेहरा उतरला. बेळगावच्या गणित स्पर्धेला शाळेतून एकीलाच पाठवायचं होतं आणि तुमची भाची माझ्याच वर्गात होती. "ऱ्हाऊ दे आज माझ्याकडं," म्हणत तुम्ही तो कपाटात ठेवला. किल्ली तुमच्या कमरेला.

दुसऱ्या दिवशी तो विस्कटून तुम्ही माझ्या हातात देता. सगळा वर्ग बघतो आहे. मी फिरवते, सगळं जागेवर येतं, फक्त एका कडेचे दोन रंग उलटे. पुन्हा मोडते, पुन्हा लावते. तीच गत. घंटा होते. "पाठ करून आलतीस व्हय गं? भूमिती पाठ करून येत न्हाय," तुम्ही म्हणता. पोरी हसतात. बेळगावला भाची गेली.

पुढे कॉलेजात कागदावर मांडून बघितलं तेव्हा कळलं. टोक धरून कसंही फिरवा, कडा उलटतात त्या जोडीनंच. एकटी कड उलटी करायची तर तुकडा उपसूनच काढावा लागतो. म्हणजे मला हरवायला तुम्हाला भूमिती पुरली नाही बाई, नख लागलं.

आता मी बेळगावात भूमिती शिकवते. दरवर्षी तोच उलट्या कडेचा क्यूब टेबलावर ठेवून पोरांकडून हे सिद्ध करून घेते. हे कुणी केलं, असं कुणी विचारलं की तुमचं नाव सांगते, आडनावासकट. मला त्याची लाज वाटत नाही.

गेल्या आठवड्यात मी फळ्याकडे वळले होते, तेवढ्यात एका मुलीनं तो तुकडा उपसून सरळ बसवला. "मॅडम, नीट केलं बघा," म्हणाली. मी शाबास म्हटलं. पण पुढच्या वर्षी पुरावा म्हणून काय दाखवू? घरी आले, दार लावून घेतलं आणि अंगठ्याच्या नखानं ती कड पुन्हा उलटी केली.

हा कागद वहीतच राहणार आहे, म्हणून सांगते. फार जोर लागत नाही, बाई.