कालवांचा खडक

आई, उरणच्या त्या खडकांवर मी पुन्हा जायला लागले आहे. तू गेल्यावर मावशीने मला पनवेलला आणलं, आणि पुढे कितीतरी वर्षं मी समुद्राकडे पाठ करूनच चित्रं काढली. भांडी, खिडक्या, जिने. लोक बरी म्हणायचे. मला ती निर्जीव वाटायची.

ती सकाळ अजून दिसते: तू पदर खोचून लोखंडी टोच्याने खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं फोडते आहेस, आणि मी शेजारी बसून चुलीतल्या कोळशाने खडकावर तुलाच काढते आहे. तू वळून बघतेस. "चित्रां काढून पोट भरतंय का गो? भरती येल नि सगला धुऊन नेल." मी रुसते. दुसऱ्या दिवशी कालवं विकून येताना तू रंगीत खडूंची पेटी आणतेस आणि माझ्यापुढे ठेवतेस. त्याच साली शेवाळावरून तुझा पाय घसरला, डोकं आपटलं. बरोबरच्या बायका पोचेपर्यंत पाणी चढलं होतं.

आता मी ओहोटीला जाते. खडकाच्या वाळलेल्या अंगावर जाड कागद धरते आणि वरून कोळसा घासते. भेगा, कालवांच्या तुटक्या कडा, सगळं उमटतं. घरी त्यावर काळ्या रंगाचे थर चढवून पात्याने खरवडत बसते. बोटं सोलवटतात. गेल्या महिन्यात इतकी गुंतले, की पाणी घोट्याला लागलेलं कळलंच नाही. कालवं काढणारी एक म्हातारी ओरडली, "ए बाय, ऊठ! भरती लागली, दिसत नाय का? या खडकांवर बाया गेल्यात."

"माहीत आहे," मी म्हणाले. "माझी आईच गेली."

ती हात धरून मला वाळूपर्यंत घेऊन आली, आणि वाळूत पोचल्यावरही बराच वेळ तिने हात सोडला नाही.

कागद अर्धा भिजला होता. तसाच घेतला. ते चित्र परवा पुरं झालं. मी केलेलं सगळ्यात चांगलं. हे लिहून मावशीला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. नाही दाखवणार. ती अजून त्या किनाऱ्यावर पाऊल ठेवत नाही. तिला कसं सांगू, की तिथे काम करताना तासन्‌तास तू मला आठवतही नाहीस? समोर खडक तेवढा असतो. आणि तो सुंदर आहे, आई.